हँडब्रेक धरत नाही

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक-ड्रमही हातोडीचे टोले खाऊन सुटला, आणि आत काहीच बिघडलेलं नव्हतं. लायनर कोरे. सिलिंडर कोरडा, ऑइलचा थेंब नाही. स्प्रिंगा जिथल्या तिथं. मी टॉर्च धरून बराच वेळ नुसता बघत बसलो.

हे लायनर मीच बसवलेत. मागच्या आठवड्यात अव्वाला हाताच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला भरती केलं. अप्पा तिच्यापाशी राहिले, मी गाडी जळकोटला परत आणली. गाडी मोकळी होती आणि मागचे लायनर झिजले होते, म्हणून बदलून टाकले. सिलिंडरही नवे घातले. काम चांगलं झालं असं वाटलं होतं.

रविवारी दोघं एस्टीनं घरी आले, आज त्यावरची पहिली फेरी. मंगळवार आणि शुक्रवार अव्वाचं सोलापूरला डायलिसिस असतं. अप्पा गाडी चालवतात, अव्वा शेजारी बसते. दवाखान्याच्या दारात चढ आहे. तिथं गाडी थांबवायची, इंजिन चालूच ठेवायचं, हँडब्रेक ओढायचा, उतरून पलीकडं जाऊन अव्वाला उतरवायचं आणि गाडी लगेच लांब नेऊन लावायची. वॉचमन तेवढाच वेळ देतो. डायलिसिस सुरू झाल्यापासून असंच चाललंय. आज अप्पा उतरले आणि गाडी अव्वाला घेऊन मागं निघाली. अप्पांनी दारातून पाय आत घालून ब्रेक दाबला. मागच्या रिक्षावाल्यानं त्यांच्या वयाकडं न बघता शिव्या दिल्या.

"हँडब्रेक धरत न्हाय," घरी आल्यावर अप्पा म्हणाले. "काय बसवलास ते बघ."

एस्टीत जन्म काढलेला माणूस. त्यांनी धरत नाही म्हटलं म्हणजे धरत नाही.

लायनर ड्रमच्या जरा जवळ घेतले. गाडी जॅकवर चढवून चाकं फिरवून बघितली. हँडब्रेकचा दांडा ओढताना दात वाजतात, त्यातल्या सहाव्या दाताला दोन्ही जाम.

बुधवार, २६ नोव्हेंबर

तलावाच्या चढावर गाडी नेली. न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, खाली उतरून मागून ढकलून बघितली. हलली नाही.

गुंडाप्पाचं स्पेअर पार्टचं दुकान माझ्या गॅरेजला लागून आहे. त्यानं सगळं बघितलं होतं. "विरेशा, बापाची गाडी सोड आन् गिऱ्हाइकाची कर. बापाच्या गाडीचं काम कधी सरत न्हाय."

सकाळी अप्पा पूजेला बसले होते. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलेलं, आणि अव्वानं खालून आपल्या डाव्या हाताचा आधार दिलेला. पूर्वी दोघं आपापली पूजा वेगळी करायचे. अव्वाच्या दुखण्यानं अप्पा हळवे झालेत.

तिच्या हाताचं लिहून ठेवतो. डायलिसिससाठी डाव्या हातात जोडलेली नस दिवाळीत बंद पडली. आता उजव्या हातात जोडली आहे. ती तयार व्हायला दीड-दोन महिने जातील, तोवर गळ्यात घातलेल्या नळीतून काम चालेल. नळीतून कधीही ताप येऊ शकतो. डॉक्टर म्हणाले, या हातानं वजन उचलायचं नाही, जोर करायचा नाही, त्यावर झोपायचंसुद्धा नाही. हाही बंद पडला तर आमच्याकडं दुसरी जागा नाही.

अव्वा तो हात मांडीवर ठेवून बसते, दुसऱ्याचं काही सांभाळायला दिल्यासारखा.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पुन्हा गेली. या वेळी मागं कोणी नव्हतं.

"केलंय म्हणलास न्हवं?"

"केलंय की अप्पा. परवा तलावाच्या चढावर धरला."

"तलावाच्या चढावर डायलिसिस हुत न्हाय."

मी हँडब्रेकखालचं कव्हर काढून केबलचा नट आवळला. हे बरोबर नाही, हे मला माहीत आहे. आधी ड्रममधलं माप बघायचं, केबलला शेवटी हात लावायचा. पण दिवसभर दोन ट्रॅक्टर खोलून बसलो होतो. परत ड्रम काढायची ताकद नव्हती.

जेवताना माझी बायको शिवलीला म्हणाली, "एकदा तुम्हीच त्यांच्यासंगं जाऊन का बघत न्हाय?"

"आणि गॅरेज?"

ती उठली. ताट उचलून आत गेली.

आठवड्यातून दोन दिवस गॅरेज बंद राहिलं तर गिऱ्हाईक नळदुर्गला जाईल आणि परत येणार नाही. अप्पा चालवतात तोवर सगळं जागेवर आहे. यापुढचा विचार मी करत नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

सापडलं.

दोन्ही ड्रम पुन्हा काढले. लायनर झिजतील तसे ते आपोआप पुढं सरकवणारा अॅडजस्टर दोन्ही चाकांत असतो. दिसायला दोन्ही सारखे, पण एकाचे आटे उलटे. मी डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसवला होता. असं झालं की ब्रेक दाबत राहिलं तरी लायनर पुढं येत नाहीत, ढिल्लेच राहतात. शिकाऊ पोरानं केलं असतं तर मी त्याला हाकललं असतं.

लाज वाटली, पण बरंही वाटलं. चूक माझी असली की ती मला दुरुस्त करता येते.

अप्पा शेजारी स्टुलावर बसून बघत होते. त्यांना म्हटलं, हा ड्रम जरा धरा. त्यांनी डाव्या हातानं घेतला आणि तो सुटून फरशीवर पडला. फरशीचा टवका उडाला, पाय थोडक्यात वाचला.

"तेलकट हुता," अप्पा म्हणाले.

मी पुसून दिला होता. नीट पुसला नसेल.

मंगळवार, २ डिसेंबर

आज गाडी हलली नाही. अप्पांना दोनदा विचारलं.

"न्हाय हलली."

रात्री भाकरी जरा जास्तच गेली. शिवलीला हसली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

गेली. दाराशेजारच्या कुंडीला घासली, मागचा बंपर फुटला.

अव्वानं सांगितलं तेव्हा कळलं, मंगळवारी वॉचमननं चाकाला वीट लावली होती. आज दुसरा वॉचमन होता. त्यानं वीट पायानं उडवून लावली आणि म्हणाला, "इथं काय एस्टी स्टँड आहे का?"

"अप्पा, मंगळवारी धरला म्हणालात तुम्ही."

"हलली न्हाय म्हणलो. धरला म्हणलो न्हाय."

ते अंगणात जाऊन गाडीची काच पुसत बसले. काच स्वच्छच होती. अव्वानं त्यांच्यापाशी जाऊन शर्टाचं सुटलेलं वरचं बटण लावलं. ते मान वर करून उभे राहिले, शाळेला निघालेल्या पोरासारखे.

रविवार, ७ डिसेंबर

केबल बदलली. गुंडाप्पानं सोलापूरहून मागवून दिली. देताना म्हणाला, "लायनर नवे, सिलिंडर नवे, केबल नवी. आता ड्रायव्हर तेवढा जुना राह्यला."

मी हसलो. अप्पा तिथंच होते. ते हसले नाहीत. एरवी गुंडाप्पाला त्यांनी सोडलं नसतं.

या वेळी हँडब्रेक हलका केला. तिसऱ्या दातालाच धरतो, दोन बोटांनी ओढला तरी. अप्पांना बसवून ओढायला लावला. त्यांनी दोन-तीनदा ओढून बघितला. चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"आता जमलं," म्हणाले. "असा पायजे."

मंगळवार, ९ डिसेंबर

मी फारच आवळला होता. लायनर ड्रमला टेकून राहिले. नळदुर्गच्या पुढं जळका वास यायला लागला, अप्पांनी गाडी बाजूला घेतली. मला फोन केला. चाक तापलंय, धूर निघतोय. मी फोनवरून सांगितलं तसा अप्पांनी रस्त्यानं चाललेला एक माणूस थांबवला, त्याच्याकडून केबलचा नट सोडवून घेतला. डायलिसिसला पोचायला उशीर झाला. तोवर मशिन दुसऱ्याला दिलं होतं. अव्वा दुपार टळेपर्यंत बाकावर बसून राहिली. घरी आली तेव्हा तिला धरून आत न्यावं लागलं. पाय सुजले होते.

चढावर गाडी पुन्हा गेली का, ते विचारलंच नाही.

शिवलीलानं अप्पांचा डावा हात माझ्यापुढं धरला. चार बोटांवर फोड. चाक तापलंय का हे त्यांनी हात लावून बघितलं होतं.

"अप्पा, चटका बसल्यावर हात काढायचा न्हाय का?"

"कळलंच न्हाय मला."

एवढी वर्षं स्टिअरिंग धरून कातडी जाड झाली असणार. शिवलीलानं मलम लावलं. माझ्याकडं बघत राहिली. मला त्या वेळी तिच्या बघण्याचा राग आला. दमलो होतो.

बुधवार, १० डिसेंबर

केबल पूर्वीच्या मापावर आणली. बाकी काही केलं नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, ब्रेकचं काम करता का? आज नाही, म्हणालो.

रविवार, १४ डिसेंबर

शुक्रवारी पुन्हा तेच झालं. मी गाडीखाली गेलोच नाही.

आज दुपारी अव्वा उन्हात बाजेवर बसली होती. अप्पा आत झोपले होते. मी तिच्या पायाशी बसलो.

"अव्वा, आधी धरत हुता न्हवं?"

"धरत हुता की."

"त्याच चढावर?"

"त्याच."

"मग आताच काय झालं?"

तिनं उजवा हात मांडीवरून उचलून उशीवर ठेवला. "तू एवढं खोलत बसू नको रे. एखादा दगड ठिव गाडीत."

"दगड लावणार कोण? अप्पा चाकापाशी जाईपर्यंत गाडी निघते."

"म्या लावीन."

"तू तर आत बसलेली असतीस."

"व्हय की," ती म्हणाली आणि हसली. "म्या आत बसलेली असते."

मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली, "तुझ्या अप्पाला गाडी सोडा म्हणू नको."

"मी कुठं म्हणालो?"

"म्हणला न्हाईस. म्हणू नको. ड्रायव्हर म्हणून येतेत ते. म्या मशिनवर असले की खाली गाडीत बसतेत, काच पुसतेत, बोनेट उघडून बघतेत. नर्सबाई इचारली तर सांगतेत, म्या गाडी घेऊन आलो. गाडी सुटली की नुसते पिशवी धरून माझ्यामागं येणारे हुतील. ते त्यास्नी जमायचं न्हाय."

"कोण सोडवतंय त्यांची गाडी? ब्रेकचं बोलतोय मी."

"ब्रेकचंच," ती म्हणाली.

संध्याकाळी शिवलीलाला म्हटलं, येळवशीची अमावस्या शुक्रवारीच आहे. सगळा गाव शेतात असणार, गॅरेज उघडून काय करू? मी जातो त्यांच्यासंगं. कुठल्या दाताला सुटतो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळणार नाही.

तिनं मान हलवली. शेंगदाणे भाजत होती, थांबली नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर, येळवस

शिवलीला सकाळीच नैवेद्याच्या भज्जी आणि उंड्यांची पाटी घेऊन गुंडाप्पाच्या शेतात गेली. मी मागच्या सीटवर बसलो. अप्पांना ते आवडलं नाही.

"तू कशाला? येळवशीला शेतात जा. आंबील पी."

"ब्रेक बघायचाय."

"मग खाली झोप. वर बसून काय दिसतंय?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं डोक्यावर पाट्या घेऊन शेतात चालली होती. ज्वारीत पूजेसाठी केलेल्या कडब्याच्या कोपी उभ्या होत्या. अव्वा खिडकीतून बघत होती. तिला आता भज्जी चालत नाही, आंबीलही नाही. अप्पा छान चालवतात. गेअर बदलताना डावा हात मुठीनं न धरता तळव्यानं रेटतात, एवढं आज दिसलं. मी कधी मागं बसलोच नव्हतो.

दवाखान्याच्या चढावर गाडी थांबली. इंजिन चालू. मी दात ऐकायला पुढं वाकलो.

अप्पांनी हँडब्रेकवर हात ठेवला. पहिला दात वाजला. मग दुसरा. हात तिथंच राहिला, वर आला नाही. बोटं दांड्यावर होती, पण दांडा धरलेला नव्हता. अप्पांनी समोर बघितलं, दार उघडलं आणि पाय खाली टाकला.

गाडी मागं सरकली. मी वळून बघितलं. एक माणूस चाकाच्या खुर्चीतल्या बाईला ढकलत चढ चढत होता. तो आमच्याकडं बघत नव्हता.

मी ओरडलो नाही. माझ्याकडून काहीच झालं नाही. अव्वाचा उजवा हात मांडीवरून उठला. तिनं बघितलंसुद्धा नाही. हात सरळ दांड्यावर गेला, अप्पांच्या हातावरून, आणि एका झटक्यात ओढला. उरलेले दात एकदम वाजले. गाडी थांबली. खुर्ची मागून निघून गेली.

तो हात तिथं पहिल्यांदा गेला नव्हता. असा हात पहिल्यांदा जात नाही.

अप्पा उतरले, पलीकडं गेले, तिचं दार उघडलं. "चल," म्हणाले. ती उतरली. मी मागंच बसून होतो. वॉचमननं काचेवर थाप मारली तेव्हा पुढं जाऊन गाडी काढली.

वर गेलो तेव्हा नर्सबाई तिच्यावर चिडली होती. "आज्जी, या हातानं काय उचललं? खरं सांगा." अव्वा काही उचललं नाही म्हणत होती. मनगटाच्या वर हात सुजून निळा पडला होता. डॉक्टर आले, बोटं लावून बघितलं, पट्टी बांधली. डायलिसिस नळीतून होईल, म्हणाले. नस राहिली का गेली ते सूज उतरल्यावर कळेल. उद्या सकाळी आणा.

अप्पा जिन्याजवळच्या बाकावर बसले होते. आज खाली गाडीत गेले नाहीत. मी शेजारी बसलो.

"हात कधीपासनं असा?"

त्यांनी डावा हात उजव्या हातात घेतला. "झाले की लई दिवस. आधी मुंग्या यायच्या."

"मला सांगायचं."

"तुला काय सांगायचं? ब्रेक ती वडत हुती. चाललं हुतं." मग म्हणाले, "तिचा हात बांधल्यावर म्हणलं, आता झालं. पर त्याच येळंला तू लायनर बदललास. मलाबी वाटलं, त्याचंच आसंल. तू दुरुस्त करशील. हलका करशील. त्या आयतवारी केलता की तू हलका. मला वडता आला हुता."

तो हलका केलेला ब्रेक मंगळवारी जळला होता. आम्ही दोघांनी एकाच गोष्टीवर एवढे दिवस घालवले, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तरीही त्यांना वाटत होतं की मी काढीन काही तरी.

"ह्या हाताला दाखवायला पायजे," मी म्हणालो.

"आधी तिचा बघू."

परत येताना अप्पांनीच चालवली. नको म्हणायचं धाडस मला झालं नाही, आणि म्हणू नको असं अव्वानं आधीच सांगितलं होतं. ती डोळे मिटून बसली होती, पट्टीचा हात छातीशी. शेतांतून माणसं परतत होती. आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा मी मागून दोन सीटांच्या मधून हात घातला आणि हँडब्रेक ओढला. अप्पांनी आपला हात आधीच काढून घेतला होता.

शिवलीलाला सगळं सांगितलं. "मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं नाही. तिनं सांगितलं होतं.

शनिवार, २० डिसेंबर

सकाळी डॉक्टरांनी मशिन लावून हात बघितला. नस चालू आहे. पुन्हा असं झालं तर राहणार नाही, म्हणाले. गाडी मी नेली. अप्पा मागं बसले. अव्वासाठी मी पुढचं दार उघडून धरलं होतं. तिनं ते लावलं आणि मागं जाऊन अप्पांच्या डाव्या हातापाशी बसली.